लालासाहेबांनी माणूस नेमला

आमच्या कुंडलात कुणाची सोयरीक जुळत आली की लोक भटजीच्या आधी लालासाहेबांना गाठायचे. भटजी पत्रिका बघायचे, आणि पत्रिकेत जे कधीच लिहिलेलं नसतं ते लालासाहेब बघून यायचे. नवरा मुलगा साताऱ्याला हापिसात आहे म्हणजे खुर्चीवर बसतो की खुर्च्या पुसतो, दाखवलेला ऊस स्वतःचा की चुलत्याचा, मुलीच्या आईला फिट येते का, आजोबा नक्की कशानं गेले. हे सगळं ते गोळा करून आणायचे आणि ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघत सावकाश सांगायचे. लग्नं त्यांनी किती जुळवली कुणास ठाऊक. मोडली मात्र भरपूर.

मिलिटरी पोलिसात ते हवालदार होते. रजेवर गेलेला जवान पलटणीत परतला नाही की त्याला हुडकून आणायचं, हे त्यांचं तिथलं काम. पेन्शनीवर आल्यावर डोक्यावरची लाल टोपी उतरली, पण हुडकायची खोड राहिली. दारावर पाटी वगैरे काही नव्हती. एस.टी. थांब्याजवळ धोंडुबाईचं चहाचं हॉटेल होतं, त्याच्यापुढचं बाकडं हेच त्यांचं ऑफिस. पोलीस पाटलाची शेळी चोरीला गेली तेव्हा खुद्द पोलीस पाटील टॉवेलात तोंड लपवून त्या बाकड्यावर येऊन बसला होता.

मी तेव्हा सांगलीच्या कॉलेजातून बी.ए. होऊन घरी बसलो होतो. असा माणूस गावाला सोबतीच्याच कामाचा. कुणाला कोर्टात जायचं, कुणाला मिरजेला दवाखान्यात, की "दादूला घ्या, त्यो मोकळाच हाय." लालासाहेबांबरोबरही मी असाच हिंडायचो. ते आमच्या शेजारचे. मी त्यांना तात्या म्हणायचो.

चौकशीला माणूस कसा निवडावा, ह्यावर तात्यांचं एक प्रवचन ठरलेलं होतं. गिऱ्हाईक समोर बसलं की ते सुरू व्हायचे.

"हे बघा पाव्हणं, माझ्याकडं आलासा, पर आधी मला नीट पारखून घ्या. भावकीतला माणूस चौकशीला कवा धाडू नगा. त्यो तुमचं तोंड बघून बोलतो. जो इचारायच्या आधीच 'काम झालंच म्हणून समजा' म्हणतो, त्येला चहा पाजा आन् वाटेला लावा. त्येला म्हणा, गड्या, तू काय काय करणार न्हाईस ते आधी सांग. आन् जो दुसऱ्याच्या घरातलं तुमाला रंगवून सांगतो, त्यो उद्या तुमचं घर तिसऱ्याला सांगणार. त्येच्या सावलीलाबी उभं राहू नगा."

गिऱ्हाईक गार. आम्ही बाकड्यावरची टवाळ मंडळी मात्र आपापल्या बशीत बघायचो. कारण हा शेवटचा नियम तात्यांना स्वतःला लागू नव्हता. "नाव सांगणार न्हाई" असं म्हणून ते सुरुवात करायचे, मग गाव सांगायचे, आणि दारात जांभळीचं झाड कोणत्या अंगाला आहे तेही सांगायचे. नाव धोंडुबाई सांगायची.

मानसिंग त्यांचा एकुलता एक. डावखुरा, अबोल, गावच्या सोसायटीत कारकून. दुष्काळ सरून वर्ष झालं असेल, तेव्हा त्यानं आईजवळ एका मुलीचं नाव काढलं. मुलगी तासगावची, शिवणक्लासला जाणारी. घर बरोबरीचं, कूळ जुळणारं. राहीकाकी, म्हणजे त्याची आई, इतकी हरखली की तिनं आमच्या आईला लुगड्याचा रंगसुद्धा सांगून टाकला. अडचण कसलीच नव्हती. फक्त तात्या चौकशीला निघाले.

मी म्हटलं, "तात्या, आपल्याच सुनेची चौकशी?"

"न करून कसं चालंल? लोक म्हणतील, दुसऱ्याच्यात भिंग घालून बघतो आन् घरच्यात आंधळा."

तासगावात ते चांगलेच मुरले आणि एक गोष्ट घेऊन आले. मुलीच्या आईचं हे दुसरं लग्न. पहिला नवरा दारुडा होता, पंचांसमोर काडीमोड झालेली, सगळं रीतसर. ह्यात वाईट काय होतं? तात्यांनाही तसं काही वाटलं नव्हतं. ते होकारच देणार होते, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण एस.टी.तून उतरल्यावर घराआधी बाकडं लागायचं. चहा आला, आणि तात्या म्हणाले, "नाव सांगणार न्हाई, पर तासगावात एक घर हाय..."

आमच्या गावची गोष्ट तासगावात पोचायला एस.टी. लागत नाही. मुलीकडच्यांच्या कानावर ती अशी गेली की कुंडलच्या हवालदारानं तुमची अब्रू चहाच्या बाकड्यावर मांडली. मुलीच्या बापानं पुन्हा ह्या गावाचं तोंड पाहिलं नाही. महिन्याभरात त्यानं ती पोरगी जतच्याही पलीकडे, एका दोन लेकरांच्या बिजवराला देऊन टाकली.

मी त्यांच्या अंगणात बादली परत द्यायला गेलो होतो तेव्हाचं हे. तात्या दाढी करत होते. मानसिंग पिशवी घेऊन बाहेर आला. आवाज चढवला नाही त्यानं. म्हणाला, "आबा, तुमी माणसाकडं कवा बघत न्हाई. माणसाच्या पाठीमागं काय हाय तेवढंच बघता."

"सोसायटीत जातोस न्हवं?" तात्या आरशातूनच म्हणाले.

तो सोसायटीत गेला नाही. कुठं गेला ते कळलं नाही.

सुरुवातीला तात्या मजेत होते. अख्खी पलटण हुडकून आणलेला माणूस तो. "बघा, आठवड्यात कान धरून आणतो." पण त्यांनी एक गोष्ट धरली नव्हती. फरारी माणूस आधी कुठं जातो, चहावाल्याला काय विचारायचं, न्हाव्याला काय, हे सगळं मानसिंगनं लहानपणापासून ताटावर बसून ऐकलेलं. बाप कुठून येणार आणि कुणाला विचारणार हे त्याला पाठ होतं. कराडला आम्ही गेलो, तो नुकताच गेलेला. साताऱ्यात एका खानावळीत मालक म्हणाला, "डाव्या हातानं जेवणारं पोरगं व्हय? व्हतं की. जाताना म्हणालं, मिशीवाले एक गृहस्थ येतील, त्यानला नमस्कार सांगा."

तात्या खानावळीच्या पायरीवर बसले. हसले. "शिकलं रं बेणं," म्हणाले. पायरीवरून उठायला त्यांना बराच वेळ लागला, आणि उठताना त्यांनी माझा खांदा धरला. तोवर त्यांनी कुणाचा आधार घेतलेला मी पाहिला नव्हता.

घरी राहीकाकीची तऱ्हा वेगळीच झाली होती. ती रडत नव्हती. सगळ्यांना वाढायची, आणि स्वतः ताट घेऊन बसली की पहिल्या घासाला थांबायची. आमची आई म्हणायची, "अगं, गिळ की." काकी म्हणायची, "त्येनं खाल्लं आसंल का आक्का?" आणि ताट सारायची. पावसाळा संपेतो मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. एकदा तिनं तात्यांना स्पष्ट सांगितलं.

"मला त्यो आणून नगं. त्येची खुशी असंल तवा यील. जेवतोय का न्हाई एवढं कुणाकडनं तरी कळू द्या. मला तेवढं पुरं."

तेव्हा लालासाहेबांना आयुष्यात पहिल्यांदा दुसरा माणूस नेमायची पाळी आली. गिऱ्हाइकाच्या जागेवर बसून.

साताऱ्याला एक निवृत्त जमादार होता. त्याच्या दारावर 'गुप्त चौकशी' अशी ठसठशीत पाटी होती. ही पाटी सगळ्या पेठेला दिसत होती, मग गुप्त काय राहिलं, असं मी म्हटलं, तर तात्यांनी डोळे वटारले. आम्ही आमचं नाव-गाव सांगितलं नाही. तात्या फक्त म्हणाले, एक माणूस हुडकायचा हाय. जमादारानं पानाला चुना लावत खुर्ची पुढं ओढली.

"आवं, हुडकायचं म्हणजे आपला हातखंडा. आणि लोक कसले असतात सांगू? परवाचंच ऐका. नाव सांगत नाही. तासगावाकडं कुंडल म्हणून गाव आहे. तिथला एक मिलिटरीवाला, चौकशा करत हिंडतो. त्यानं स्वतःच्याच सुनेची भानगड गावभर केली, आणि पोरगं गेलं पळून! आता बसलाय म्हणे बोंबलत..."

तो खो खो हसला. मी तात्यांकडे बघायचं टाळलं. तात्यांनी समोर आलेला चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, कप सरळ ठेवला, आणि "बरंय, येतो" म्हणून उठले. रस्त्यावर आल्यावर म्हणाले, "सांगायची ढब चांगली हाय त्येची."

मग नानासो कंडक्टर. हा तात्यांचा चुलतभाऊ, कराड-साताऱ्याच्या गाडीवर असायचा. तात्यांनी त्याला सांगितलंच नव्हतं, त्याला काकीनं सांगितलं. दुसऱ्याच दिवशी तो तोंडभर हसत आला. "वैनी, दिसला की मानसिंग! कराडच्या स्टँडवर, चहा पीत हुता. अंगानं भरलाय. मला म्हणाला, आईला सांगा काळजी करू नगंस." काकी ताडकन उठून साखर आणायला आत गेली. तेवढ्यात तात्यांनी विचारलं, "नाना, चहाचा गिलास कुठल्या हातात धरला हुता त्येनं?"

"कुठल्या म्हणजे? ह्या," नानासोनं उजवा हात वर केला.

काकी साखरेचा डबा घेऊन दारात उभी होती. तिनं तो तसाच परत नेला. नानासो हळूच म्हणाला, "दादा, एक दिवस तरी जेवली असती की ती."  माझ्या मते नानासो चुकला नव्हता, पण बाकड्यावरच्या कायद्यात तो बसत नव्हता.

दिवाळीनंतर पूर्वेकडचे धनगर मेंढरं घेऊन आमच्या बाजूनं पश्चिमेला, डोंगराकडे निघतात. मोकळ्या रानात मेंढरं बसवायची, रानाला खत मिळतं, त्यांना धान्य मिळतं. जत तालुक्यातला अर्जुना दर साली तात्यांच्या रानात मेंढरं बसवायचा. दुष्काळात निम्मा कळप गेला होता, तरी वाट मोडली नव्हती. काटक, चाळिशीचा, बोलणं कमी. माझ्यासमोर तात्यांनी त्याला चाचपला.

"अर्जुना, खालच्या वाडीत बसला हुतास न्हवं? त्या पाटलाच्या घरात वाटणीवरनं लय जुंपलीया म्हणं?"

"त्येंचं त्येनला ठावं," अर्जुना म्हणाला आणि कोकराच्या पायातला काटा काढत राहिला.

तात्यांनी आणखी दोनदा वेगळ्या वाटेनं विचारलं. उत्तर तेच. तात्यांचे डोळे चमकले. हा माणूस गावोगाव फिरतो, कुणाच्या नजरेत भरत नाही, दुसऱ्याचं घर उघडत नाही, आणि मानसिंगला बापाच्या सगळ्या वाटा ठाऊक असल्या तरी ही नाही. त्यांनी त्याला सगळं सांगितलं, कुठंही तिखटमीठ न लावता. ते त्यांना जमलेलं मी तेव्हाच ऐकलं.

अर्जुना म्हणाला, "बघतो. न्हाई गावला तर न्हाई म्हनंन."

"मला बरं वाटावं म्हणून काय सांगायचं न्हाई."

"न्हाई सांगत."

"भंडारा उचल."

धनगरानं बिरोबाचा भंडारा, म्हणजे देवाची हळद, हातात घेऊन शब्द दिला की तो शब्द मोडत नाही. मेंढरं विकेल, पण शब्द नाही. अर्जुनानं कमरेची पिशवी सोडली, चिमूट कपाळाला लावली आणि म्हणाला, "खोटी खबर आनणार न्हाई." तात्यांचं समाधान झालं. इतका पारखून माणूस त्यांच्या कुठल्याच गिऱ्हाइकानं नेमला नसेल.

उन्हाळा संपता संपता, पावसाच्या आधी, कळप परत पूर्वेला निघाला तेव्हा अर्जुना दारात आला. घोंगडं खाली टाकून बसला. काकी चौकटीला धरून उभी.

"गावला," तो म्हणाला.

"कुठं हाय?" तात्या ओरडलेच.

"ते सांगनार न्हाई."

 अर्जुनाच पुढं म्हणाला, "त्येनं मला वळखलं. तुमच्या रानात बसतो म्हनून. मग त्येनंबी भंडारा उचलायला लावला. जागा सांगायची न्हाई. तुमी म्हनलासा खोटं बोलू नगंस. न्हाई बोलत. त्येनं म्हनलं जागा सांगू नगंस. न्हाई सांगत."

"तुला नेमला कुणी? मी का त्येनं?"

"तुमीच की. पर असला बघूनच नेमला न्हवं?"

तात्यांची कानशिलं लाल झाली. मला हसू येत होतं, आणि तेवढ्यात काकी पुढं आली. ती अर्जुनाच्या समोर जमिनीवरच बसली.

"अर्जुनदादा, जेवतोय का त्यो?"

"जेवतोय वैनी. बरा हाय. ताप न्हाई, काय न्हाई. तुमची याद काढली. म्हनला, आईला म्हनावं पोटभर खातोय."

त्या दिवशी काकीनं सगळ्यांना जेवू घातलं, आणि स्वतः आमच्यासमोर बसून जेवली. बोटं चाटली. आमची आई पदरानं डोळे पुसत होती. वर्षाकाठी दोन वेळा, डोंगराकडे जाताना आणि येताना, अर्जुना आता दारावरून जाणार होता. जाताना निरोप न्यायचा, येताना खबर आणायची. काकीनं हे असं मनाशी लावून घेतलं की ती दिवाळीसुद्धा अर्जुनाच्या कळपावरून मोजायला लागली. बांगड्या परत मनगटावर बसल्या. त्याच्यासाठी वेगळं धान्य पाखडून ठेवायची. मेंढरांची घंटा वाजली की अंगणात सडा.

एवढ्यावर हे थांबलं असतं. पण तात्या तिथं बसलेले असायचे.

काकीचं विचारणं आईचं. त्यात डाव कसला असणार? एका खेपेला तिनं विचारलं, "भाकरी कशाची खातो त्यो? जोंधळ्याची मिळती का?" अर्जुना म्हणाला, "नाचण्याची असती वैनी. आवडती म्हनला आता." काकी हसली, "बगा, हितं नाचणा म्हटलं की नाक मुरडायचा." तात्या सुपारी कातरत होते. अडकित्ता मध्येच थांबला.

बाहेर आल्यावर मला म्हणाले, "दादू, नाचणा. म्हणजे घाटाच्या अंगाला, डोंगरात. खाली कोण खातंय?"

"तात्या, जाऊ द्या ना. खबर येतीया की."

"मी कुठं जातोय? आपलं डोक्यात आलं ते बोललो."

पण नंतरच्या दिवाळीला त्यांनी अर्जुनाला सहज विचारल्यासारखं विचारलं, "तिकडं पाणी आडाचं का झऱ्याचं?" अर्जुनानं त्यांच्याकडे बघितलं आणि घोंगडं झटकून उठला. त्यानंतर तात्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. ते नुसते बसायचे. प्रश्न काकी विचारायची.

तिसऱ्या उन्हाळ्याची अखेर. काकीनं विचारलं, "हात कसं हायती त्येचं? कष्टाचं काम करतो का?"

"काम हाय. हात काळं झाल्यात. साबनानंबी जात न्हाई ते. पर दुखनं न्हाई वैनी, नुसता रंग."

तात्या उठून आत गेले. मी मागोमाग गेलो, तर ते माजघरात भिंतीकडे तोंड करून उभे. पुटपुटत होते. "कोळशाचा काळा साबणानं जातो. जात न्हाई त्यो हिरड्याचा. हिरड्याची वखार. नाचणा आन् हिरडा... पाटणच्या वर, दादू. दुसरीकडं कुठं न्हाई." त्यांचा चेहरा असा खुलला होता की तीन वर्षांत मी तसा पाहिला नव्हता.  मी कितीही टवाळी करत असलो तरी त्या क्षणी मला ह्या माणसाचं कौतुक वाटलं, हे कबूल करायला हवं.

बाहेर येऊन त्यांनी अर्जुनाला, "बरंय, पुन्यांदा ये," म्हटलं. फार गोड म्हटलं. अर्जुना वाटेला लागला, पण वळून वळून बघत होता.

मी म्हटलं, "तात्या, उद्याच निघूया."

"खुळा हायस. सावध माणूस असला की लगेच उठायचं न्हाई. चार दिवस जाऊ द्यायचे. वास थंड होऊ द्यायचा. पलटणीत हेच शिकलो." आणि त्यांनी चार दिवस जाऊ दिले. काकीला काही सांगितलं नाही. नवा सदरा शिवून घेतला.

कराडहून पाटण, पाटणहून दुसरी गाडी, मग पायी चढण. तात्यांना धाप लागत होती, पण बसायला तयार नव्हते. दोन वखारी बघितल्या, तिसरीत हिरड्यांचे ढीग उपसायचं काम चाललेलं. मुकादम बिडी ओढत होता.

"डावरा कारकून व्हय? लिवनं, वजनं, समदं बघायचा. चांगला मानूस. गेला की."

"कुठं गेला?"

"काय ठावं. दोन-तीन दिसांमागं एक धनगर आला. मेंढरं न्हाईत, काय न्हाईत, एकटाच. भर उनाचा चालत आल्याला. पानी दिलं तर घीना. डावऱ्याच्या पायावर डोकं ठिवून रडाय लागला. म्हनत हुता, माझ्या तोंडानं गेलं, माझ्या तोंडानं गेलं. डावऱ्यानं त्येला उठवला, पानी पाजलं. मग वळकटी बांधली." मुकादमानं बिडी विझवली. "आदी त्या धनगराला वाटंला लावला बगा. त्यो दिसंनासा झाल्यावर सोता निघाला. तुमी त्येचं कोन?"

तात्या म्हणाले, "कोण न्हाई."

हिरड्याच्या पोत्यावर ते बसले. आजूबाजूच्या बायका काम करत होत्या, त्यांचे हातही काळे. तात्या त्या हातांकडे बघत राहिले.  उतरताना मी उगाच म्हटलं, "लगेच निघालो असतो तर..." आणि माझीच जीभ चावली.

काकीला आम्ही काहीच सांगितलं नाही. तात्या म्हणाले, दिवाळीला अर्जुना येईल, तेव्हा बघू. काकीनं धान्य पाखडून ठेवलं. दिवाळी झाली. इतर कळप गेले. अर्जुनाचा आला नाही. काकी रोज रानाच्या बांधापर्यंत जाऊन यायची. मग कुणीतरी सांगितलं, त्याच्या पोरांनी ह्या साली वाट बदलली, मेंढरं तासगावच्या अंगानं वर गेली. ती पुन्हा ताट घेऊन पहिल्या घासाला थांबायला लागली.

आम्ही जतला गेलो. जतच्या पुढं एका वाडीत त्याचं घर. आजूबाजूला नुसतं खडकाळ रान, टँकरच्या वाटेवर रिकाम्या घागरींची रांग. अर्जुना दारात लोकर पिंजत बसला होता. उठला, पाणी दिलं. रागावल्यासारखा दिसत नव्हता. ते जास्त वाईट होतं.

"ह्या साली गेला न्हाईस?" तात्यांनी विचारलं.

"पोरं गेल्यात. मी कळपाबरं जायाचं सोडलं."

"मानसिंग कुठं हाय?"

"ठावं न्हाई. खरंच ठावं न्हाई. त्यो सांगत हुता, मीच म्हनलं, सांगू नगंस बाबा, माझ्या तोंडाचा भरवसा न्हाई."

"तू कुठं जागा सांगितलीस? शब्द न्हाई मोडलास तू."

अर्जुना लोकरीतलं गवत वेचत होता. "वैनीनं इचारलं भाकरी कशाची. मी आईला सांगितलं. तुमी तितं बसला हुता हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई."

तात्या म्हणाले, "पुन्यांदा हुडक. आता जागा नगं मला. बिरोबाच्यान नगं. तिला तेवढी खबर दे. दोन सालांनी दे."

"आता न्हाई व्हायचं हवालदार," अर्जुना म्हणाला. त्यानं त्यांना पहिल्यांदाच हवालदार म्हटलं.

परतीच्या गाडीत तात्या खिडकीशी. जोंधळ्याची खुरटी रानं मागं पडत होती. माझ्याकडे वळून म्हणाले, "दादू, काय सांगू रं तिला?"

"बरा हाय म्हणा. जेवतोय म्हणा."

"कशावरनं, आसं इचारंल ती. मग?"

 तासगावला गाडी बदलली तरी ते त्याच प्रश्नावर होते. एकदा म्हणाले, नानाला विचारू का. मग स्वतःच मान हलवली.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. काकी उंबऱ्यावर. तात्यांनी चपला काढल्या, तोंड उघडलं. त्यांना काही बोलताच येईना. हा माणूस उभ्या हयातीत सांगताना कधी अडखळला नव्हता. काकीनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. आत गेली. चूल पेटवली. भाकरीचा आवाज येत राहिला. मला बस म्हणाली, म्हणून मी बसलो.

ताट वाढलं. तात्यांनी भाकरी मोडली आणि हात तसाच ठेवला.

"पाटणला गेलतो आमी," ते म्हणाले. "उन्हाळ्यात. तुला सांगितलं न्हाई. त्यो तितं हुता. माझ्यामुळं गेला. अर्जुनाबी गेला. आता कोण यायचं न्हाई."

काकी तव्यावरची भाकरी उलटत होती. उलटली, दाबली, निखाऱ्यावर टाकली, फुगली तशी काढली. ती तिनं तात्यांच्या ताटात ठेवली आणि समोर बसली.

"जेवा," ती म्हणाली. "तुमी तरी जेवताना दिसा मला."

तात्यांनी घास घेतला. काकी बघत होती. आमटी संपली तशी तिनं वाढली, मग पुन्हा वाढली. ते नको म्हणाले नाहीत. मी माझं ताट धुवून ठेवलं आणि घरी आलो.